निदानाची घाई, उत्तराची सबुरी

(प्रस्तावना)

‘हा बोलायला कधी लागेल?’ अपंगत्व असलेल्या लहान मुलाला घेऊन आलेले आईवडील बहुतेक वेळा हाच प्रश्न आधी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्यामागे काळजी असते, नातेवाइकांची बोलणी असतात, तोंडावर आलेला शाळाप्रवेश असतो. पण तोंडातून शब्द फुटण्याआधी मुलाच्या मेंदूत बरंच काही घडून गेलेलं असावं लागतं. आवाज आत पोचावा लागतो, त्यातून अक्षरं वेगळी व्हावी लागतात, त्यांना अर्थ चिकटावा लागतो आणि आपण काही सांगितलं तर समोरचं माणूस त्याची दखल घेतं, हा भरवसा यावा लागतो. यातलं काय झालं आहे आणि काय अडलं आहे, हे पाहिल्याशिवाय त्या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नाही. ते कसं पाहायचं हे आईवडिलांना, शिक्षकांना आणि अंगणवाडी सेविकांना कळावं, म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

पुस्तकभर दोन आग्रह पुन्हा पुन्हा येतील. एक, मुलाला ऐकू येतं का, हे शोधण्यात एक महिनाही दवडू नये. दोन, मूल उत्तर देत असेल तेव्हा त्याला लागेल तेवढा वेळ द्यावा. आपल्याकडे बऱ्याचदा नेमकं उलट होतं. तपासणीची वेळ आली की आपण थांबतो. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’, ‘मुलगे जरा उशिरा बोलतात’, ‘जीभ जड आहे, होईल हळूहळू’ अशी समजूत घालत वर्ष-दोन वर्षं निघून जातात. मुलाशी बोलताना मात्र आपल्याला दम निघत नाही. प्रश्न आपणच विचारतो आणि त्याने तोंड उघडायच्या आत उत्तरही आपणच देतो. ही उलटापालट मुलाला किती महाग पडते, ते समजण्यासाठी मेंदू आवाजाचं काय करतो हे आधी पाहायला हवं.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. ते कानाच्या पडद्यावर आदळतात, हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांमधून आत सरकतात आणि अडीच वेढ्यांच्या, द्रवाने भरलेल्या एका नळीत पोचतात. तिथे आवाजाची वाटणी होते. नळीच्या तोंडाशी बारीक, उंच पट्टीचे आवाज आणि आतल्या टोकाशी खर्जातले, अशी पेटीच्या पट्ट्यांसारखी ती रचना असते. या नळीत आवाजाची लाट कशी पुढे सरकते, हे दाखवून देणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. कंपनांचं विजेच्या संदेशात रूपांतर करणाऱ्या केसपेशी एका कानात साधारण १५ हजार असतात. मेंदूला आवाजाची खबर प्रामुख्याने देतात त्या आतल्या रांगेतल्या पेशी, जेमतेम साडेतीन हजार. डोळ्यातल्या प्रकाशपेशी कोटींत मोजाव्या लागतात. ऐकण्याचा सगळा डोलारा या काही हजार पेशींवर उभा आहे, आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कानातून निघालेला संदेश थेट ‘ऐकण्याच्या केंद्रा’त जाऊन पडतो, असा समज असतो. प्रत्यक्षात वाटेत अनेक ठाणी आहेत आणि प्रत्येक ठाण्यावर काम होतं. मस्तिष्कस्तंभात दोन्ही कानांचे संदेश ताडून पाहिले जातात. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानात एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी उशिराने पोचतो. त्या एवढ्याशा फरकावरून हाक कुठून आली हे आपल्याला कळतं. सराव असलेला माणूस तर सेकंदाच्या एक लाखांश भागाएवढा फरकही ओळखू शकतो. शरीरात इतक्या नेमक्या वेळेचा हिशेब दुसरीकडे क्वचितच सापडेल. त्यापुढची ठाणी ओलांडून संदेश दोन्ही कानांच्या वर, मेंदूच्या शंखखंडातल्या श्रवणपटलाशी येतो. तिथे तो आसपासच्या भाषेच्या, स्मृतीच्या आणि भावनेच्या जाळ्यांशी जोडला जातो.

वाहतूक एकाच दिशेने होत नाही. मेंदूकडून कानाकडेही तंतू उतरतात, आणि आपल्याला काय ऐकू येतं यात आपल्या अपेक्षेचा मोठा वाटा असतो. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एक साधा प्रयोग केला. ध्वनिमुद्रित वाक्यातलं एक अक्षर पुसून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना ते अक्षर व्यवस्थित ‘ऐकू आलं’. खोकला नेमका कुठे होता, हेही त्यांना सांगता येईना. आपल्या स्वयंपाकघरात हा प्रयोग रोज होतो. कुकरची शिट्टी होत असताना आई म्हणते, ‘दप्तर भरून ठेव’. मोठ्या भावाला मधलं ‘भरून’ मुळीच पोचलेलं नसतं, तरी तो दप्तर भरतो. गाळलेली जागा त्याचा मेंदू भरून काढतो, कारण भाषा त्याच्या अंगवळणी पडलेली असते. ज्या मुलाची भाषाच अजून जुळून आलेली नाही, त्याच्याकडे ती जागा भरायला काही नसतं. त्याला शिट्टी ऐकू येते आणि शब्दांचे तुकडे ऐकू येतात. गोंगाटात आपल्याला जेवढं समजतं तेवढं त्यालाही समजत असणार, हे आपण धरून चालतो तिथेच आपला अंदाज चुकतो.

भाषेची ही शिदोरी जमायला सुरुवात होते ती जन्माच्याही आधी. गर्भारपणाच्या सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. जेमतेम तीन दिवसांची बाळं परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकण्यासाठी चोखण्याची लय बदलतात, हे डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये दाखवलं. त्यानंतर चार वर्षांनी कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी केलेला अभ्यास मराठी वाचकाला अगदी जवळचा वाटावा असा आहे. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. आपल्याला ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक झोपेतही कळेल. इंग्रजी भाषकाला तो सहसा ऐकूच येत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या त्या बाळांना तो येत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांची ती क्षमता मावळली. पहिल्या वर्षातच मेंदू ठरवत असतो की आपल्या घरच्या भाषेत कुठले भेद कामाचे आहेत. जे कानी पडत नाहीत, त्यांच्यासाठी तो जागा राखून ठेवत नाही.

हे एकदा लक्षात आलं की बहिरेपणाच्या निदानातला उशीर किती मोठा असतो ते कळतं. मूल दोन वर्षांचं असताना तपासणी झाली, तर ‘दोनच वर्षं गेली’ असं आपण म्हणतो. मेंदूच्या हिशेबात सर्वांत सुपीक काळ हातचा गेलेला असतो. अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जन्मतः बहिऱ्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजला. ज्यांना साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट (केसपेशींऐवजी विजेचे संदेश देणारं यंत्र) बसलं होतं, त्यांचा प्रतिसाद ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीला येऊन पोचला होता. सात वर्षांनंतर बसलं, त्यांच्यात बहुतेकदा तसं झालं नव्हतं. न वापरलेला श्रवणपटलाचा भाग रिकामा राहत नाही. दृष्टी आणि स्पर्श त्याचा ताबा घेऊ लागतात. त्याआधी १९९८ मध्ये क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या १५० मुलांचा अभ्यास मांडला होता. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती, मग बहिरेपणा कमी असो वा जास्त. म्हणूनच जगभर एक, तीन, सहा हा दंडक सांगितला जातो: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू.

मग आपल्या घरांत इतका उशीर का होतो? निष्काळजीपणा हे त्याचं कारण क्वचितच असतं. घरच्यांनी आपल्या परीने तपासलेलं असतं. पाठीमागे ताट वाजवलं, दार आपटलं, मूल दचकलं. म्हणजे ऐकू येतं. हाक मारली की वळतं. म्हणजे ऐकू येतं. या निष्कर्षातली फट समजून घ्यायला हवी. मोठ्या, ढोबळ आवाजांचा आणि स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग वरच्या पट्टीत आणि खूप हलका असतो. ज्या मुलाचं वरच्या पट्टीचं ऐकणं कमी आहे, त्याला ‘बाळा’ ही हाक ऐकू येईल, पण ‘तू जातोस’ हे त्याच्यासाठी ‘तू जातो’ एवढंच उरेल. मराठीचं बरंचसं व्याकरण शब्दाच्या शेपटाकडे आणि हळू आवाजात असतं: घरात, घरास, आईशी, आईने. वाक्याचं कोण, कुणाला, कुठे हे सगळं त्या शेवटच्या अक्षरांत. ही शेपटंच तुटली, तर मूल शब्द शिकतं पण वाक्य जुळवताना अडखळतं, आणि मोठी माणसं म्हणतात, ‘लक्ष नसतं त्याचं’.

ताटाऐवजी ज्या तपासण्या हव्यात त्या आज जिल्ह्याच्या ठिकाणी करता येतात, आणि त्यांत बाळाला काही दुखत नाही. पहिली ओएई. बाहेरच्या रांगांतल्या केसपेशी ऐकताना स्वतःही अगदी क्षीण आवाज करतात, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये शोधून काढलं. कानात लहानशी कळी ठेवून तो आवाज टिपतात. दुसरी, जिला सगळेजण ‘बेरा’ म्हणतात. बेरासाठी बाळ झोपलेलं हवं, म्हणून आई त्याला सकाळपासून जागं ठेवून आणते, दूध पाजते, मांडीवर थोपटते. कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवल्या जातात, कानात टकटक सुरू होते. पडद्यावर एक वळवळती रेघ उमटते आणि आवाज पोचल्यापासून पहिल्या दहा सहस्रांश सेकंदांतच तिच्यावर ठरावीक उंचवटे दिसू लागतात. तंत्रज्ञ आवाज कमी कमी करत जातो. पाचवा उंचवटा जिथपर्यंत टिकतो, तिथपर्यंत आवाज मस्तिष्कस्तंभात पोचतो आहे असं समजायचं. बाळाने मान वळवायची गरज नाही, होकार द्यायची गरज नाही. म्हणूनच ‘अजून लहान आहे, तपासणीला साथ देणार नाही’ या सबबीला आता आधार उरलेला नाही.

जन्मतः अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांसाठी नुसती ओएई पुरत नाही, हे इथे ठासून सांगतो. तीव्र कावीळ किंवा जन्माच्या वेळी कमी पडलेला प्राणवायू यांमुळे कधी कधी केसपेशी शाबूत राहतात आणि त्यांच्यापुढची मज्जातंतूची वाट बिघडते. ओएई ‘पास’ होते, कागदावर ‘ऐकू येतं’ असं लिहिलं जातं, आणि मुलाला आवाज येऊनही त्यातली अक्षरं लागत नाहीत, कारण संदेशाची वेळ विस्कटलेली असते. आवाज आहे, बोली नाही. अशा बाळांची बेरा झालीच पाहिजे. महाराष्ट्रात अंगणवाड्या आणि शाळांपर्यंत जाणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करते आहे. दारं आहेत; त्यांच्यापर्यंत पोचायला आपल्याला उशीर होतो.

यंत्र बसलं म्हणजे काम झालं, असंही नाही. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये विजेची टोकं असतात फार तर २०-२२, आणि ती हजारो केसपेशींचं काम चालवतात. यंत्र चालू झालं त्या दिवशी मुलाच्या कानात भाषा शिरत नाही, नुसती खळबळ शिरते. त्या खळबळीतून ‘आई’ आणि ‘ताई’ वेगळे व्हायला महिने लागतात, रोजच्या सरावाचे. शस्त्रक्रियेला हजारोंची टाळी मिळते, पुढची दोन वर्षं स्पीच थेरपीला नेणाऱ्या आजीला कुणी विचारत नाही. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्या दोन वर्षांबद्दल आहे.

आणि कानाचा मार्ग बंदच असेल, किंवा कुटुंबाने दुसरा मार्ग निवडला असेल, तर? मेंदू त्यालाही तयार असतो. लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये दाखवलं की बहिऱ्या आईवडिलांची, खुणांच्या भाषेत वाढणारी बहिरी बाळं हातांनी बोबडं बोलतात, साधारण त्याच वयात ज्या वयात इतर बाळं ‘बाबाबा’ करतात. पक्षाघाताने डाव्या मेंदूला इजा झालेल्या बहिऱ्या माणसांची खुणांची भाषा बोलल्या जाणाऱ्या भाषेसारखीच मोडते, हेही ग्रेगरी हिकॉक आणि अर्सुला बेलुगी यांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. तिच्यात प्रश्नाचा शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतो आणि भुवयाही व्याकरणाचं काम करतात. ‘खुणा शिकवल्या तर बोलणार नाही’ या भीतीपोटी मुलाला पहिली चार वर्षं कुठलीच भाषा मिळू नये, यासारखं नुकसान नाही. मेंदूला आवाजाचा हट्ट नसतो, त्याला भाषा हवी असते, आणि ती वेळेत हवी असते.

आता ज्या मुलांचे कान ठीक आहेत त्यांच्याकडे येऊ. स्वमग्न मूल कुकरच्या शिट्टीने कानांवर हात घेतं, ढोल-ताशाचं पथक गल्लीत आलं की पलंगाखाली जातं, आणि तेच मूल नावाने चार हाका मारल्या तरी वळत नाही. घरच्यांना हा हट्ट वाटतो. खरं तर कोणता आवाज पुढे आणायचा आणि कोणता मागे ढकलायचा, ही मेंदूची निवड त्याच्यात निराळी घडते. (त्याचीही श्रवणतपासणी आधी व्हायलाच हवी, ‘स्वमग्न आहे म्हणून बोलत नाही’ म्हणत बहिरेपणा नजरेआड राहिल्याची उदाहरणं थोडी नाहीत.) हेच मूल बिस्कीट हवं असेल तेव्हा ‘तुला बिस्कीट हवंय का?’ असं म्हणतं, अगदी आईच्या सुरात. ही निव्वळ पोपटपंची मानली जायची. बॅरी प्रिझंट आणि जुडिथ ड्युकन यांनी १९८१ मध्ये अशा बोलण्याचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यात मागणी, होकार, पाळी घेणं असे अनेक हेतू सापडले. मूल आपल्याला पूर्ण वाक्य देतं आहे. आपण ते ‘मला बिस्कीट हवंय’ असं वळवून परत द्यायचं, रागावून थांबवायचं नाही.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे वारंवार पाणी साचतं, त्यामुळे ऐकणं कधी बरं, कधी मंद. शिवाय ऐकलेलं थोडा वेळ मनात धरून ठेवणं त्यांना जड जातं, पाहिलेलं धरून ठेवणं त्यामानाने सोपं. म्हणून शब्दाच्या जोडीला खूण किंवा चित्र दिलं की त्यांची समज भराभर पुढे सरकते. सेरेब्रल पाल्सीची कथा वेगळी. तिथे अनेकदा ऐकणं आणि समजणं दोन्ही चांगलं असतं, पण जीभ, ओठ, श्वास यांना हालचालीची आज्ञा नीट पोचत नाही. समजतं सगळं, निघत काही नाही. अशा मुलाला मतिमंद ठरवून त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल बोलणं, हा आपल्या समाजात सर्रास होणारा अन्याय आहे. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत या मुलांसाठी काम उभं केलं ते याच समजुतीला छेद देत. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करत उच्च शिक्षण घेतलं आणि ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिलं.

एका बोटाने, नजरेने, चित्रांच्या पाटीने, बोलणाऱ्या टॅबने केलेला संवाद हा पूर्ण संवाद असतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन स्कूलमध्ये तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मराठीतही आहे. त्यातल्या चित्रावर बोट ठेवलं की वाक्य ऐकू येतं. पालक विचारतात, ‘याची सवय लागली तर तोंडाने बोलायचा कंटाळा करेल ना?’ डायान मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लोसर यांनी २००६ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून हाच प्रश्न तपासला. भरवशाचा पुरावा असलेल्या नोंदींत एकाही व्यक्तीचं बोलणं अशा साधनांमुळे कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. आपल्या देशाचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही संवादाच्या व्याख्येत खुणा, ब्रेल, स्पर्श, चित्रं, पर्यायी साधनं या सगळ्यांना जागा देतो. शाळेने ‘आमच्याकडे बोलणारीच मुलं घेतो’ असं म्हणणं या कायद्याला धरून नाही, हे पालकांनी माहीत करून घ्यावं.

इथवर घाईबद्दल बोललो, आता सबुरी. माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगातल्या दहा भाषा तपासल्या आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच दिसलं. एवढ्या वेगाची आपल्याला सवय असते, म्हणून एका सेकंदाची शांतताही लांबलेली वाटते. आता चार वर्षांची, सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. आई तिच्यासमोर दोन पेले धरते. ‘दूध की पाणी?’ मुलीला प्रश्न कळतो. ती दुधाकडे पाहायचं ठरवते, पण ठरवताक्षणी मान भलतीकडे झटका घेते. ती मान सावरते. हात ताठ होतो, तो सैल पडायची वाट बघते. मग नजर दुधाच्या पेल्यावर येते, तिथे ठरते आणि तिथून आईच्या चेहऱ्याकडे वळते. या सगळ्याला आठ-दहा सेकंद लागतात. बहुतेक घरांत तिसऱ्या सेकंदाला आई म्हणते, ‘पाणीच घे, दूध मघाशी झालंय’, आणि पेला ओठांना लागतो. आईचं प्रेम कमी नसतं. तिला अजून तीन कामं पडलेली असतात. पण दिवसात वीस वेळा असं झालं की मुलगी एक धडा पक्का शिकते: उत्तर द्यायचे कष्ट घेण्यात अर्थ नाही. पुढे तिला ‘स्वतःहून काही सांगतच नाही’ असा शेरा मिळतो.

या पाळीपाळीच्या बोलण्याचं मोल मेंदूतही मोजता आलं आहे. रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. मुलाच्या कानावर किती शब्द पडले यापेक्षा मोठ्यांशी किती वेळा देवघेव झाली, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी जास्त घट्ट संबंध आढळला. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली होती. समोर बसून खेळवत बोलणाऱ्या माणसाकडून बाळं तिचे ध्वनी शिकली. तेच दृश्य पडद्यावर दाखवलं तेव्हा शिकली नाहीत. बोलत नाही म्हणून मोबाइलवर बालगीतं लावून देणाऱ्या घरांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. मोबाइल मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

घरच्या भाषेबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. अपंगत्व असलेल्या मुलाला दोन भाषा झेपणार नाहीत, शाळा इंग्रजी आहे तर घरीही इंग्रजीच बोला, असा सल्ला आजही दिला जातो. पुण्यात दिला जातो आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही. एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड यांनी २००५ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा दोन भाषांत वाढणारी मुलं एका भाषेत वाढणाऱ्यांच्या मागे पडलेली दिसली नाहीत. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते, आई रागावते आणि बाबा लाडात येतात, त्या भाषेतच देवघेव भरभरून होते. ती अहिराणी असेल, मालवणी असेल, कोकणी असेल, गोंडी असेल. मोडक्या इंग्रजीत दिलेल्या आज्ञांवर कुठल्याच मुलाची भाषा पोसत नाही.

वर्गखोलीसाठी एक प्रकरण मुद्दाम वेगळं ठेवलं आहे. शिक्षकांचा आवाज भोवतीच्या गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबल वर असावा, असा दंडक सांगितला जातो. पत्र्याचं छत, खडखडणारा पंखा, शेजारच्या वर्गातले पाढे यांत तो साधणं कठीण. पण मुलाचं आणि शिक्षकाचं अंतर निम्मं केलं की थेट पोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही. पहिल्या बाकावर बसवणं, फळ्याकडे तोंड करून न बोलणं, सूचना तुकड्यांत देणं, ‘कळलं का?’ ऐवजी ‘काय करायचं आहे, सांग बघू’ असं विचारणं. अशा गोष्टी तिथे क्रमाने दिल्या आहेत.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात कान आणि मेंदू, तपासण्या आणि त्यांचे अहवाल कसे वाचायचे, हे येतं. दुसऱ्यात वेगवेगळ्या अपंगत्वांनुसार मुलाचं ऐकणं, समजणं आणि सांगणं कुठे अडतं आणि कुठे मोकळं असतं, ते आहे. तिसरा भाग घरासाठी आणि शाळेसाठी: जेवण, अंघोळ, प्रवास, खेळ या रोजच्या प्रसंगांत संवादाची जागा कशी काढायची. ज्यांच्या हातात आज तपासणीचा कागद आहे, त्यांनी पहिल्यापासून वाचावं. ज्यांचं मूल मोठं झालं आहे आणि ‘आता उशीर झाला’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी थेट तिसरा भाग उघडावा. सुरुवातीची वर्षं मोलाची खरी. पण देवघेव शिकण्याचं वय कधीच उलटत नाही, आणि संवादाची साधनं दहाव्या वर्षी मिळाली तरी आयुष्य पालटतं.

वाचकांकडे मागणं दोनच. आपल्या ओळखीत बोलायला उशीर झालेलं एखादं मूल असेल, तर ‘बोलेल हो’ असं म्हणू नका. या आठवड्यात त्याच्या श्रवणतपासणीची वेळ ठरवून द्या, हवं तर सोबत जा. आणि ज्या मुलाशी बोलता, त्याला प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. त्या दहा आकड्यांत मूल काय करतं, डोळे कुठे जातात, हात कुठे वळतो, श्वास कसा बदलतो, ते पाहा. जे दिसेल ते उत्तर समजून त्याप्रमाणे वागा. चुकलात तर मूल ते सांगेल. सांगितलेलं ऐकलं जातं, हा अनुभव त्याला एकदा आला की ते सांगतंच.